धार कुठे गेली होती, ते मीनलला सांगितलं

प्रिय विलास,

रागावू नकोस. जे कुणालाही सांगायचं नाही म्हणून तू मला बजावलं होतंस, ते काल मी आपल्या मीनलला सांगून टाकलं. म्हणूनच लिहायला बसले.

झालं असं, की तू गेल्यावर पहिल्यांदाच तिने माळ्यावरून तुझी गिटार आणि पायाने दाबायचे ते चारही पेडल खाली काढले. आता घरच्या घरी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग होतं रे! पण थोड्या वेळाने वैतागली. "आई, आवाज एकदम दबलेला येतोय. पेडल बंद आहेत तरी!"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आधी सगळे काढ. गिटारची वायर सरळ जोड आणि ऐक. मग एकेक पेडल मध्ये घाल."

ती बघतच राहिली. "तुला कोणी शिकवलं हे?"

कोणी म्हणजे? तूच की!

मग मला मागे जाऊन सगळंच सांगावं लागलं. तू लालबागच्या गिरणीत, साचाखात्यात. शेकडो माग एकदम धडधडायचे तिथे. सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटारवर. मी ठाकूरद्वारहून गायला यायची. भावाने विचारलं होतं, "गिटारवाला? खाणार काय?" मी ऐटीत म्हणाले, "त्याची गिरणीत पर्मनंट नोकरी आहे!" आणि लग्नाला वर्ष होत नाही तोच संप! किती हसायचास तू त्यावर. पण गिरणीने तुला परत घेतलंच नाही, आणि गिटारवरच घर चालवायची वेळ आली.

काही वर्षांनी तो निरोप आला. स्टुडिओसाठी वादक जमवणाऱ्या एका अरेंजरला गिटारवाला हवा होता. "टेप पाठवा, ऐकतो." दुबईहून आलेल्या मित्राचं छोटं रेकॉर्डिंग मशीन तू मागून आणलंस. दाराला गोधड्या टांगल्यास. शेजारच्या काकूंना विनवलंस, आज दुपारी मिक्सर लावू नका. आठवतं?

वाजवायचास, ऐकायचास आणि मान हलवायचास. "धार नाही गं. गोधडीखालून आल्यासारखं वाटतंय. पेडल आवाज खातायत."

मला भिंतीकडे तोंड करून बसवलंस. "बघू नकोस, नुसतं ऐक." तोच तुकडा, तेवढ्याच जोरात, आधी सरळ वायरीवर. मग एक पेडल मध्ये, मग दुसरा. बंद पेडलमधून जातानाही आवाजातलं काय हरवतं, ते पकडायचं होतं. जुना, वाँव-वाँव करणारा वाह पेडल जोडलास आणि मला कळलं! तारेवरची बारीक चरचर गेली. "हाच तो चोर!" मी ओरडले. तो काढलास, लांब वायरीच्या जागी आखूड घातलीस. आवाज लख्ख!

"आली धार!" मी म्हणाले.

"कुठे?" तू म्हणालास. "मला तर तसाच वाटतोय."

बाकीचे पेडल काढलेस. तारा बदलल्यास. कॅसेट बदललीस. शेवटी गिटार आणि मशीन यांच्यामध्ये फक्त एक वायर उरली, तरी तुझं समाधान होईना. मग मलाच बरं वाटावं म्हणून म्हणालास, "एक मात्र आहे शैला, टेप किती स्वच्छ! हिस औषधालाही नाही."

विलास, हिस होती. खोलीभर सूं करत होती.

"आहे की," मी हळूच म्हणाले.

"आत्ता? आत्ता ऐकू येतेय तुला?"

"हो."

तू मशीनला कान लावलास. मग म्हणालास, "बाबांना पण ऐकू यायचं नाही. आम्ही म्हणायचो, म्हातारे झाले. चाळिशीत होते गं ते." तुझे बाबाही त्याच साचाखात्यात होते.

आणि वायरी गुंडाळायला लागलास. "बहिरा गिटारवाला कोण ठेवणार?"

मी तुझ्या हातातून वायर हिसकावली. "बहिरा कसला? वरचा आवाज कमी येतो, एवढंच. तू वाजव. ट्रेबलचं बटण मी बघते."

संध्याकाळच्या आत टेप झाली! अरेंजरने बोलावलं. मग मी डबा घेऊन तुझ्याबरोबर स्टुडिओत यायला लागले. मी कानातलं चाचपलं की ट्रेबल कमी, मंगळसूत्र चाचपलं की जास्त. लोक म्हणायचे, विलासची बायको त्याला एकटं सोडत नाही! सोडत नव्हतेच. चांगली काही वर्षं आपण दोघांनी मिळून एक गिटार वाजवली.

पण डॉक्टरकडे चल म्हटलं की तू विषय बदलायचास. का रे? कामं जातील म्हणून? मग कामं थांबल्यावर तरी? मीनल लहानपणी तुझ्याशी बोलायची आणि तू भलतंच उत्तर द्यायचास, ती फुगून बसायची. "पप्पांचं माझ्याकडे लक्षच नसतं." काल ते सगळं तिला आठवलं. खूप रडली. माझं गाणं ऐकताना तू म्हणायचास, "तुझा सूर येतो, शब्द राहून जातात." तेही सांगितलं. एवढं एक तिला तेव्हाच सांगू द्यायला हवं होतंस!

डोळे पुसून ती म्हणाली, "आई, मग कदमकाका?"

आपल्या मजल्यावरचे कदम. तुझ्याच खात्यातले. हाक मारली तर वळत नाहीत म्हणून आम्ही सगळे त्यांना खडूस म्हणतो. एवढी वर्षं मला, मला कसं सुचलं नाही?

तशीच उठून गेले. दारातून ओरडले, "कदमभाऊ, उद्या मीनल नि मी तुम्हाला कान तपासायला नेतोय!"

मान वर करून म्हणाले, "वरडतस कित्याक? तोंड हयसर कर नि सावकाश बोल. ओठांवरना कळता माका. आमी खात्यात, मागांच्या आवाजात, तसाच बोलाव."

मी त्यांच्यासमोर, ओठ दिसतील अशी बसले आणि पुन्हा, सावकाश, सगळं सांगितलं. लगेच हो म्हणाले रे! कुणी विचारायचीच वाट बघत होते.

मी त्यांच्याबरोबर जाईन, विलास. मशीन कानात बसून त्यांना सवय होईपर्यंत जात राहीन. हा माझा तुला शब्द.

तुझीच,
शैला