लोट्याच्या मापाचं टोपरं

नवापूर,
मार्गशीर्ष वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप भाऊ यांच्या चरणी धाकटी बहीण निर्मला हिचा साष्टांग दंडवत. आपल्या आशीर्वादाने येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. (सर्व मंडळी म्हणजे मी, हे आणि दुधावर टपलेलं एक मांजर. मोजायला फार वेळ लागत नाही.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघ्याला तेल लावता का? दगूवहिनींचा अशक्तपणा गेला का? चारही मुलींना अनेक आशीर्वाद. वहिनींच्या मातोश्री छबूबाई अजून धानोऱ्याला मुक्कामाला असतील तर त्यांना नमस्कार. गेल्या असतील तर तो नमस्कार माघारी पाठवावा, मला दुसरीकडे कामाला येईल. चिरंजीवाला काय लिहावं ते सुचत नाही, कारण त्याची आणि माझी अजून कुणी ओळख करून दिलेली नाही.

इथवर रीत झाली. आता 'आपण' सोडून 'तू'वर येते, कारण 'आपण' म्हणत भांडता येत नाही. आणि हे मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे तेही तुझ्यावर उपकार समज. आपल्या बोलीत लिहायला बसले असते तर पत्र दोन ओळींत आटोपलं असतं आणि पाकिटाला बाहेरून चटका लागला असता.

चार मुलींवर तुला मुलगा झाला ही तार आली तेव्हा मी काय केलं ते तुला ठाऊक नाही. ह्यांना जंगलखात्याच्या कचेरीत निरोप धाडला, शेजारपाजारी गूळ वाटला आणि लोकरीचा डबा काढला. कारण आपल्याकडे बाळाला पहिलं टोपरं घालायचं ते आत्याने आणि कानात नाव सांगायचं तेही आत्याने. तुला बहीण एकच, म्हणजे वाटेकरी कुणी नाही. मुलींच्या वेळी तुम्ही बारशीच केली नाहीत. (मुलींना नाव ठेवायला आत्या कशाला, हाक मारता मारता पडतं ते नाव.) म्हणून हा मान मला आयुष्यात पहिल्यांदा मिळायचा होता, आणि आता वहिनींचं वय बघता शेवटचाच. मला घरात मूल नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्यावर हक्काने हात ठेवायची माझी जागा जगात ती एवढीच होती. हे मी आत्तापर्यंत बोलून दाखवलं नव्हतं. तुला बोलल्यावाचून कळतं असं मी समजत होते.

टोपरं विणायचं तर माप पाहिजे. तसं तुला लिहिलं, आणि आठ दिवसांत तुझा गाडीवान सुकलाल नंदुरबारच्या बाजारातून इकडे येणाऱ्या कुणाकडे तरी दोरा देऊन मोकळा झाला. पांढरा दोरा, दोन्ही टोकांना गाठ, सोबत तुझ्या हातची चिठ्ठी, 'हे डोक्याचं माप'. मी तो दोरा डोळ्यांना लावला, मग विताने मोजला. दोन वीत आणि चार बोटं! आमच्या शेजारी सुसाना राहते, मिशनच्या दवाखान्यातली सुईण. क्रोशाची सुई धरायला मला तिनेच शिकवलं. तेव्हा तिची नाताळची गडबड चालली होती. दारात कागदी चांदण्या, ओसरीवर मिशनच्या लेकरांसाठी विणलेल्या टोप्यांचा ढीग, लाल, हिरव्या, काही दोन्ही. तिने दोरा हातात घेतला आणि सांगितलं की बाई, मी पाचशे पोरं या हाताने बाहेर काढली, हे आठ दिवसांच्या पोराचं डोकं नव्हे. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, आमच्या घराण्यात डोकी मोठीच असतात, आमच्या वडिलांच्या फेट्याला दोन हात कापड जास्त लागायचं. आणि माझ्या भावाने स्वतःच्या हाताने 'डोक्याचं माप' असं लिहून धाडलंय, तो काय मला फसवील? सुसानाने ढिगातली पुढची टोपी विणायला घेतली. (ती ख्रिस्ती झाली तरी इकडच्या डोंगरातली, कोकणी जमातीची बाई आहे, समोरच्याला पटत नसेल तर ती आपलं काम करत राहते.)

मग मी विणायला बसले. खाली साखळी, वर खांबांच्या ओळी, कडेला लाल झालर, शेंड्याला गोंडा आणि दोन्ही बाजूंना बांधायला वेण्या. बसतं कसं ते बघायला घरात डोकं एकच. ह्यांना धरून बसवलं. कचेरीतून साहेबाचा शिपाई सही घ्यायला आला तो नेमका त्याच वेळी, आणि त्याने आमचे हेडक्लार्क गोंड्याचं टोपरं कपाळावर चढवून, वेण्या हनुवटीखाली बांधून बसलेले पाहिले. सही झाली. पण त्या दिवसापासून कचेरीत ह्यांना कुणी घाबरत नाही, आणि लाकूडतोडीच्या परवानग्यांना पूर्वी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागतो. हा नवापूरच्या जंगलाचा फायदा झाला असेल, आमचा नाही.

टोपरं पुढे पाठवलं आणि तू कळवलेल्या गुरुवारी मी बारशाला निघाले. ह्यांना रजा नाही, म्हणून एकटीच. गाडीत मांडीवर लाडवांचा डबा आणि मुठीत एक नाव. (ते नाव मी बाळ व्हायच्या आधीपासून, दोन महिने निवडत होते. आता ते कुणालाच सांगणार नाही.) नंदुरबारला सुकलाल बैलगाडी घेऊन उभा होता. एरवी हा माणूस धानोरा येईपर्यंत बैलांच्या आजोबांच्या गोष्टी सांगतो, त्या दिवशी तोंड उघडेना. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

अंगणात पाय ठेवला तर मांडव सोडलेला, पत्रावळी उकिरड्यावर, आणि तुझी थोरली लेक मला बघून घरात पळाली. बारसं बुधवारीच उरकलं होतं. म्हणे पंचांगात मागून काही निघालं. माझ्या जागी वहिनींची मावसबहीण बसली, शहाद्याहून आलेली, पाच मुलांची आई. बाळाच्या डोक्यावर सुरतेची मखमली टोपी. आणि तू घरात नव्हतास. तुला नेमकं त्याच दिवशी कापूस घेऊन शहाद्याला जावं लागलं, आणि कापूस तर भाऊ, तुझ्या ओसरीवर माझ्या डोळ्यांसमोर पडलेला होता.

मी पाणी मागितलं. छबूबाईंनी लोटा आणून पुढ्यात ठेवला आणि त्या लोट्यावर माझं टोपरं. लाल झालर बरोबर काठाखाली, गोंडा मधोमध, वेण्यांची खाली गाठ. असं चपखल बसलं होतं की आधी टोपरं विणून मग त्याच्या मापाने लोटा घडवला म्हणावं. बायका हसल्या. छबूबाई म्हणाल्या की बाळाच्या डोक्यावर घालून बघितलं तर हनुवटीपर्यंत उतरलं, टाकायचं कसं, म्हणून पाण्यावर घातलं, माशी बसत नाही. आणि मग ओसरीभर ऐकू जाईल असं, "तिले काय अंदाज ऱ्हाई? घरमा पोर नही." मी काय केलं असेल? मीही हसले. म्हटलं, माझीच चूक, ओळी जास्त झाल्या. अगदी पोट धरून हसले. तेवढ्यात तिघींनी आपापल्या लोट्यांसाठी तशाच टोप्या करून मागितल्या, एकीला लग्नात रुखवतावर मांडायला हवी आहे. मी हो म्हणाले. बाळ बघायला गेले तर झोळीवर कापड. झोपलाय, नजर लागेल. कापडाबाहेर एक पाय होता, डावा. तो मी नीट बघितला. तुझ्यासारखाच अंगठा वाकडा आहे.

खरं काय ते, म्हणजे छबूबाई कशाला भ्याल्या ते, वहिनींनी सांगितलं, मागच्या दारी, डोळ्यांना पदर लावून. (त्यांना दोष देऊ नकोस, त्या घरात माझ्याशी सरळ बोललेलं तेवढं एकच माणूस.) "ताई, तुम्ही तुमनी पोरले दोरा लायेल व्हता ना, म्हनीसन माय भ्याई ऱ्हायनी." भाऊ, माझी पोर नऊ दिवसांची होऊन गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. पाचव्या दिवशी मी तिच्या डोक्याला दोरा लावून टोपरं विणायला धरलं होतं, अर्धं झालं आणि ती गेली. तापाने गेली. सुसाना सांगते तापाने, ह्यांना ठाऊक आहे तापाने. पण तुझ्या घरी इतकी वर्षं असं ठरलेलं आहे की मी मोजली म्हणून गेली. म्हणून तुझ्या बाळाच्या डोक्याला माझ्यासाठी दोरा लागला नाही, माझ्यासाठी लोट्याला लागला. म्हणून बारसं बुधवारी.

तरी मी सगळं छबूबाईंच्या नावावर घातलं होतं. म्हातारी भित्री असते, नातवासाठी माणूस वेडं होतं, एवढं मी समजू शकते. परतताना स्टेशन दिसायला लागल्यावर सुकलालला विचारलं, की माप घेतलं कुणी? त्याने बैल थांबवले आणि खाली बघून म्हणाला, "भाऊनीच लोटाले दोरा गुंडाया, बाई. मन्हासमोर." आणि लोटा कोणता? आपल्या आईचा, पोचा पडलेला. तो पोचा तू पाडलास आणि मार मी खाल्ला, तोच. म्हणजे तू तो लोटा मांडीवर घेतलास, दोरा गुंडाळलास, गाठी मारल्यास, आणि मग दौत उघडून लिहिलंस, 'हे डोक्याचं माप'. कुणीतरी तुझा हात धरून लिहून घेतलं असं सांगू नकोस. तुझं अक्षर जराही हललेलं नाही.

असो. मी रागावलेली नाही. क्रोशाची सुई मी सुसानाला परत देऊन टाकली आहे आणि यापुढे कुणाच्याही लेकराच्या डोक्याचा विचार करणार नाही. पत्राचं उत्तर आलं नाही तरी चालेल. थंडी फार आहे, बाळाला जपा.

तुझी आज्ञाधारक बहीण,
निर्मला

ता. क. लोट्यांच्या तीन टोप्या सोबत आहेत. एकीला हिरवी झालर आहे, ती रुखवताची. सुई परत दिली असं वर लिहिलं आहे ते खोटं आहे हे तुझ्या लक्षात येईलच.

दुसरा ता. क. पुडक्यात एक चौथं टोपरं आहे, पांढरं, लहानसं. ते नऊ वर्षं अर्धं पडलं होतं, धानोऱ्याहून आल्यावर पुरं केलं. ते तुझ्या मुलाचं नाही, त्याला आता होणारही नाही. नुसतं हातात धरून बघ. मग ज्या टपालाने येईल त्याने मला परत धाड.

तिसरा ता. क. आणि खरं पत्र हेच, वरचं सगळं फाडलंस तरी हरकत नाही. भाऊ, भरदिवसा, छबूबाईंच्या समोर, बाळाला मांडीवर घे, तू स्वतः त्याच्या डोक्याला दोरा लाव आणि मला माप पाठव. मला मान नको, बारसं नको. तू माझ्याबद्दल ते खरं मानत नाहीस एवढं मला तुझ्या हातून कळू दे. भीती वाटली तर पाठवू नकोस. पण पुन्हा लोटा नको, आता मला लोटा ओळखता येतो.

दोरा सोबत घातला आहे. कोरा आहे, परवाच बाजारातून आणलेला, दुकानदारालाच तोडायला लावला. तो जुना नव्हे. जुना माझ्या ट्रंकेत आहे, दीड वीत आणि दोन बोटं.