दुसरीच्या वर्गाचा वाफा

रविवार, ता. ९

चि. जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र परवा पोचलं. इकडे पाणी, पिकं आणि माणसं ठीक आहेत. तिकडे तुमची तब्येत, तुमच्या साहेबांची तब्येत आणि साहेबांच्या गाडीची तब्येत उत्तम असेल, अशी आशा करतो.

पत्र कंपनीच्या कागदावर आहे, टाईप केलेलं, वर 'महोदय'. सासऱ्याला महोदय म्हणणारा जावई आपल्या अख्ख्या नात्यात दुसरा नसावा. असो. 'शाळा-भाजी प्रकल्पातील साधनसामग्रीचा तपशील कळवावा, म्हणजे मूल्यांकन करता येईल,' असं तुम्ही लिहिलंय. कळवतो.

भाजी धुवायचा ड्रम: मोडीतल्या वॉशिंग मशीनचा, आडवा बसवलेला, सायकलच्या पॅडलवर फिरणारा. थंड खोली: विटांच्या दोन भिंती आणि मधे चार बोटं ओली वाळू. तिच्यात पालक दुसऱ्या दिवशीही ताठ राहतो, वीज लागत नाही. भाजी निवडायची पाच बाकं, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या कमरेइतकी. कडा घासून गोल केल्यात, कारण मुलं कोपर आपटतात. बी टोचायच्या काठ्या, टोकापासून बोटाच्या एका पेरावर लाल रेघ मारलेल्या, म्हणजे बी किती खोल जाणार याचा वाद नको. आणि माझ्या मळ्यात वर्गागणिक एकेक वाफा, दोन्ही बाजूंनी मुलाचा हात मध्यापर्यंत पोचेल इतकाच रुंद. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कारखान्यात फिटर होतो. शेती मला कोणी शिकवली नाही, जुनी पुस्तकं आणि फसलेली पिकं यांनी शिकवली. करा मूल्यांकन.

तुमच्या माहितीपत्रकात छापलंय की ही योजना कंपनीच्या 'दूरदृष्टीतून' जन्माला आली. वाचून मला ठसका लागला. योजना जन्माला आली ती माझ्या मुलीच्या चिडचिडीतून. शाळेच्या स्वयंपाकघरात ती नोकरीला लागली तेव्हा तुमची कंपनी डब्यातला वाटाणा पाठवायची. रंग शाळेच्या भिंतीसारखा. पोरं तो बाकाखाली चिकटवायची. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "बाबा, त्या वाटाण्यानं आज एकाची वही चिकटवली, आणि ती चिकटली." दुसऱ्या दिवशी मी दोन पाट्या ताजी भाजी घेऊन मुख्याध्यापिकाबाईंच्या दारात उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "मुलं खाणार नाहीत हो." मी म्हटलं, "पेरली तर खातील." एवढीच ती दूरदृष्टी.

पहिल्या वर्षी मी तोंडावर आपटलो, तेही लिहितो, नाहीतर तुम्ही लिहाल. वाटाणा असा काही साधला की काढणीला यावा तर नेमका शाळेच्या सुट्टीत. घरी इतका वाटाणा खाल्ला की मांजरसुद्धा ताटाकडे पाठ करून बसायचं. पण त्यानंतर मी आधी सुट्ट्या लिहितो आणि मग उलटं मोजत पेरणी ठरवतो. तुमच्या कंपनीत एवढे पदवीधर आहेत. परीक्षेच्या आठवड्यात मुलं कमी जेवतात, हे त्यांतल्या एकाला तरी ठाऊक आहे का?

आता त्या दिवसाबद्दल. 'गैरसमजातून उद्भवलेली अप्रिय घटना' असा शब्दप्रयोग तुम्ही केलाय. मी तिथेच होतो, त्यामुळे गैरसमज मला झालेला नाही.

धान्य आणि दूध कंपनीचं, भाजी माझी पण कंपनीमार्फत, अशी शाळेची वाटणी. तुमच्या साहेबांना माझा फोटो हवा होता, गाड्यांवर लावायला. मी हो म्हटलं. फोटोला माझी ना नव्हती, चेहरा काही वाईट नाही. ठरल्या वेळी ड्रममधली भाजी काढून थंड खोलीत ठेवली आणि बाहेर आलो, तर वाफ्यात माणसं. फोटोवाल्याला गाजराचा पाला 'दिसायला गरीब' वाटला म्हणे. म्हणून तुमच्या टेंपोतून बाजारातले फ्लॉवर आले होते, पानं छाटलेले, आणि दोन कामगार ते मातीत खोचून ओळीनं उभे करत होते. जसे काही रात्रीत उगवले. एका फ्लॉवरच्या बुडाला अजून बाजाराची रबरी दोरी होती.

आणि फ्लॉवरला जागा करायला त्यांनी आधी वाफा खुरप्यानं खरवडून साफ केला होता. तण म्हणून. तो दुसरीच्या वर्गाचा वाफा होता. बोटभर गाजरं उगवून आली होती. गाजर उपटून पुन्हा लावता येत नाही, जावईबापू. लावलं तर त्याला पाय फुटतात.

साहेबांना गाजर आणि गवत यांतला फरक कळत नाही, ते मी समजू शकतो. त्यांना गाजर ताटात गोल कापलेलंच भेटतं. कामगार हुकमाचे ताबेदार. पण तुम्ही तिथे उभे होतात. चंदेरी पत्रा दोन्ही हातांनी धरून, फ्लॉवरवर उजेड पडावा म्हणून. तुम्हाला गाजराचा पाला ओळखता येतो. लग्नाच्या वर्षी सुट्टीच्या दिवशी तुम्ही इथे यायचात, गुडघ्यावर बसून तण काढायचात, आणि चूक झाली की माझी बोलणी खायचात. एकदा अख्खी ओळ उपटलीत आणि मग तासभर तोंड लपवून फिरत होतात. म्हणजे तुम्हाला कळत होतं.

मी ओरडलो तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतं? "बाबा, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. एक फोटो."

पाच मिनिटं झाली नाहीत तोच फाटकातून दुसरीचा वर्ग आत आला. त्यांचा पाणी घालायचा दिवस. मागे मुख्याध्यापिकाबाई, आणि सोबत माझी मुलगी, पाण्याचे डबे घेऊन.

पोरं वाफ्यापाशी आली. मग एकानं फ्लॉवर धरून वर ओढला. तो सहज आला. "आजोबा, याला मुळंच नाहीत."

"नुसतं डोकं लावलंय," दुसरा म्हणाला.

मग हसू जे फुटलं ते थांबेना. साहेबही हसायला लागले, आपल्याला कळलंय असं दाखवायला. एक वेणीवाली मुलगी तेवढी हसली नाही. ती तुमच्याकडेच गेली. तुम्ही दरवर्षी खाऊ वाटायला येता, म्हणून तिला तुम्ही ओळखीचे. तिनं विचारलं, "काका, आमचं गाजर कुठंय?"

तुम्ही पत्रा थोडा वर केलात. चेहऱ्यासमोर. मी पाहिलं. माझ्या मुलीनंही पाहिलं.

ती खाली बसली आणि एकेक फ्लॉवर काढून बाजूला ठेवायला लागली, खाली एखादं रोप जगलंय का बघत. चार मिळाली. त्या संध्याकाळी ती तुमच्या घरी न जाता इथे आली, हे तुम्हाला माहीतच आहे. तिची खुशाली तुम्ही पत्रात विचारलेली नाही, म्हणून कळवत नाही.

शाळा समितीची बैठक सोमवारी झाली. पुढच्या वर्षीही भाजी माझ्याकडूनच, आणि आता कंपनी मधे नाही, थेट. तुमची बदली गोदामात झाल्याचं ऐकलं. साहेब तसेच आहेत ना? खुरपं कामगाराच्या हातात होतं, पत्रा तुमच्या हातात होता, साहेबांच्या हातात फक्त फोन. असे लोक कधी सापडत नाहीत.

वर एक गोष्ट मी नीट लिहिली नाही. तपशिलात चूक राहिलेली मला खपत नाही, म्हणून दुरुस्त करतो. ड्रमला पॅडल बसवायची कल्पना तुमची. मी हाताचा दांडा लावणार होतो, तुम्ही म्हणालात, "पोरांना फिरवायला आवडेल असं करू या." साखळीही तुम्हीच चढवलीत. पोरं पॅडलसाठी रांग लावतात. सध्या ते कुरकुरतं. मी तेल घातलेलं नाही.

दुसरीनं त्याच वाफ्यात पुन्हा बी टोचलंय. परीक्षेआधी काढणी साधेल, पण जेमतेम. माझी मुलगी शाळेतून आली की आधी तिथे जाऊन बसते. परवा मी म्हटलं, "पत्र आलंय त्याचं." म्हणाली, "माझ्यासाठी?" मी म्हटलं, "कंपनीकडून." ती परत तण काढायला लागली. तुम्ही बाकीचं पत्र टाईप करायला लावलंत ते ठीक, पण शेवटी दोन ओळी हातानं लिहायला काय झालं होतं?

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. फोटोच्या आधी तुमच्या साहेबांनी मला थंड खोलीत बाजूला घेतलं होतं. म्हणाले, नावाची पाटी तुमचीच राहील, गाडीवर चेहरा तुमचा, भाजी मात्र आमच्या गोदामातून येईल. पाच वर्षं तुम्ही आराम करा. पैसे मुलीच्या नावावर. आणि जावयाला मुख्य कार्यालयात स्वतःची केबिन, राहायला घर. सही करा, बाहेर जाऊन फोटो काढू. मी नाही म्हटलं. तुम्ही तेव्हा बाहेर पत्रा धरून उभे होतात. तुम्हाला विचारलं नाही, आणि ज्या मुलीच्या नावावर ते होणार होतं तिलाही विचारलं नाही. तिला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र तिला दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण दाखवायचं तर इथे येऊन दाखवा.

तुमच्या केबिनला, तिच्या घराला आणि वर अठरा लाखांना, कोणालाही न विचारता नाही म्हणणारा,

तुमचा सासरा