सुभेदार आबांचा श्वास

मंगळ., ४ फेब्रु. सांगली
म्हसवडहून पेशंट आलाय. रिटायर सुभेदार, सगळे आबा म्हणतात, आता मीही. पित्तनळीत खडा, डोळे पिवळेजर्द, कालपासून ताप. उद्या तोंडातून दुर्बीण घालून खडा काढायचा. भूल माझी. मान आखूड, पोट मोठं, घोरणं... त्यांच्या बायको, म्हणजे काकू, म्हणाल्या, "आवं, गोठ्यातली म्हस उठती!" मागे एका ठिकाणी नुसतं झोपेचं इंजेक्शन दिलं तर श्वासच अडला, तपासणी अर्धी सोडावी लागली. आबा हसतात, पण चादर घट्ट धरून. मलाही धाकधूक आहे, खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी चौगुलेसरांशी वाजलं. दुर्बीण त्यांची. म्हणे, श्वासनळीत नळी कशाला, हलकी झोप पुरे, पटकन उरकतो. म्हटलं, सर, तोंड एकच. त्यात तुमची दुर्बीण गेल्यावर मी श्वास कुठून सांभाळू? "उद्या बघू." नेहमीचंच.

बुध., ५
टेबलावर घेण्याआधी विचारलं, काही खाल्लं? "न्हाई." प्यालात? "पाणी बी न्हाई." मग माझा तिसरा प्रश्न, कुठल्याच पुस्तकात नसलेला: प्रसाद घेतला का?
काकू खुलल्या. "व्हय की! सिद्धनाथाचा शिरा. सकाळीच वाटीभर चारला. त्यो काय खाणं हाय व्हय?"
देवा. भरल्या पोटी झोपवलं आणि शिरा उलटून फुप्फुसात गेला तर... थांबावं तर ताप चढतोय. श्वासनळीत नळी असली तरच फुप्फुसं वाचतील. सरांनी दुर्बीण खाली ठेवली. मग, "घाल बाई नळी."
घशात वाट दाखवणारा कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप घेतला. आधी नुसता चिंचोळा, लाल घसा, पुढचं काही दिसेना. हात किंचित उचलला. दिसलं! नळी आत. मॉनिटरवर श्वासाची रेघ उठली, एकामागून एक, छान चौकोनी, म्हणजे नळी बरोबर श्वासनळीतच. एवढा आनंद झाला की मास्कच्या आत मोठ्यांदा हसले. सिस्टर बघायला लागल्या. बघू देत.
खडा भलताच मोठा, अर्धाच निघाला. सरांनी पित्त वाहायला आत स्टेंट ठेवला. उरलेला पुढच्या खेपेला.
शुद्धीवर येताच आबा: "कवा करताय? मी तय्यार हाय."
सरांनी स्वतः चहा आणून दिला, वर बिस्कीट. त्यांची माफी अशीच असते.

शनि., ८
ताप गेला. आबा घरी. जाताना मला सॅल्यूट! मीही ठोकला, डाव्या हाताने. काकू पोट धरून हसल्या.

शुक्र., २१
आबांचा फोन. डोळे निवळले, भूक लय लागते. पुढच्या महिन्यात यायचंय. "डाक्टरीनबाई, ह्या खेपेला नळी घालणार का न्हाई?" म्हटलं, त्या दिवशी तपासून ठरवू, आत्ताच शब्द देत नाही. तेवढ्यात काकूंनी फोन ओढून घेतला.
"नळी घाला न्हायतर नगा घालू. तुमी तेवढ्या उशाशी ऱ्हावा."
 राहीन म्हटलं.