डाग नसलेला कागद

बाई, परवा मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. वय त्रेपन्न. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, "या वयात माणसं वानप्रस्थाचं बघतात, तू बायोडेटा काय घेऊन फिरतोस?" काय करणार, आधीचा मसाल्याचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले, आणि वनात जावं तर नाशिकभोवतीच्या वनातही आता प्लॉट पडलेत. दिंडोरी रस्त्यावरच्या एका टोमॅटो सॉसच्या कंपनीला क्वालिटी इंजिनीअर हवा होता. तुम्ही दिलेलं शाईचं पेन खिशाला लावलं आणि गेलो.

समोर प्लांट हेड, पस्तिशीचा. शेजारी एचआरची मुलगी. तिने आधी विचारलं, "ज्युनिअर लोकांच्या हाताखाली काम करायला ऑकवर्ड नाही ना होणार, सर?" म्हटलं, घरी वीस वर्षं सराव आहे. ती हसली, तो हसला नाही. त्याने एक कागद पुढे सरकवला. सॉस शिजतो त्या कढईचं तापमान दर अर्ध्या तासाला तिथेच उभं राहून लिहायचं असतं, त्याचा तक्ता. "बघा, काही खटकतंय का?"

दोन मिनिटं लागली. पहाटेपासून दुपारपर्यंत एकच पेन, एकच वळण, अक्षर कुठे दमलेलं नाही. सगळीकडे ब्याण्णव. शेऱ्यात लिहिलेलं, दोन ते तीन लाईट नव्हती, आणि अडीचलाही ब्याण्णव. आणि सॉसच्या कारखान्यातला कागद असून त्यावर सॉसचा एक डाग नाही. म्हटलं, "हा कढईपाशी भरलेला नाही. पाळी संपल्यावर कँटीनमध्ये चहा पिताना एका बैठकीत भरलाय."

बाई, तुम्ही आठवलात. आठवीतला मी संस्कृतच्या शिकवणीला तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलोय, तुम्ही आमटीला फोडणी देताय. रोज एका धातूची रूपं, वर त्या दिवसाची तारीख, असा तुमचा नेम. मी आठवडाभर हुंदडून रविवारी सकाळी सातही पानं उरकली होती. तुम्ही वही चाळली आणि पळी हातात तशीच ठेवून म्हणालात, "सात दिवसांत एकदाही तुझा हात दुखला नाही? एकदाही शाई संपली नाही? खोटं बोलायचं तर तोंडाने बोल रे, वहीला कशाला बोलायला लावतोस?" आणि शिक्षा, पुन्हा सात दिवस, रोज एक पान.

तर मला वाटलं, आता हा प्लांट हेड म्हणेल, शाब्बास, हा आमच्या परीक्षेचा नमुना कागद होता. तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "हा मागच्याच आठवड्याचा आहे. खरं सांगू का सर, बाहेरचे ऑडिटर येऊन गेले, त्यांना नाही दिसलं. तुम्हाला दिसलं म्हणजे तुम्हाला कळतं. आपली पोरं कच्ची आहेत. शीट नॅचरल कसं दिसलं पाहिजे, तेवढं त्यांना शिकवा. सोमवारपासून या."

"आणि तापमान?"

"ते असतं ओ बरोबर. प्रोसेस आपली चोख आहे."

"लाईट नसताना ब्याण्णववर राहणारा सॉस असेल तर त्याला क्वालिटी इंजिनीअर नको, पुजारी नेमा," म्हणालो आणि उठलो. एचआरची मुलगी खाली बघत होती. तो मागून म्हणतोय, "सर, तुम्ही पर्सनली घेताय." पर्सनली! पोरांच्या डब्यात पोळीला लावून जाणारी वस्तू, ती शिजली की नाही हे कोणी बघितलेलंच नाही, आणि मी पर्सनली घेतोय! तीस वर्षं कढयांपाशी उभा राहिलो, हातावर भाजल्याचे डाग आहेत, आणि त्याची किंमत काय, तर हा माणूस खोटं बेमालूम करून देईल. सीबीएस स्टँडपर्यंत बसमध्ये मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो, आणि दर वेळी जिंकत होतो.

घरी बायकोने विचारलं, "मग? घेतलं का?" म्हटलं, "घेत होते. म्हणून आलो निघून." तिने पोहे जरा जास्तच वाढले.

आज सकाळी पेनात शाई भरायला बसलो आणि रागाची सगळी ऐट उतरली. हे पेन तुम्ही त्या शिक्षेच्या सात पानांबद्दल दिलंत. एका पानावर आमटीचा थेंब वाळलेला होता, त्यावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "हे बघ, रोजचं काम असं दिसतं." बाई, तीही सात पानं मी शनिवारी दुपारी एका बैठकीत लिहिली होती. तीन वेगळी पेनं घेतली, मंगळवारचं अक्षर मुद्दाम वाकडं काढलं. आणि आमटीचा तो थेंब मी वाटीतून चमच्याने आणून पाडला होता.