‘विष्णुपंती’चा अर्थ

२ फेब्रुवारी, रविवार

अवंतिका येऊन गेली. कॉलेजात शिकवते, जबलपूरच्या मराठीचा शब्दकोश करून राहिली. वहीतली एक नोंद दाखवली — ‘विष्णुपंती : बोलता बोलता उगाच गप्प होणे, मख्खपणा. उदा. विष्णुपंती करू नको, हो की नाही ते सांग.’

विष्णुपंत म्हणजे माझे बापू! फॅक्टरीची नोकरी सांभाळून नऊ नाटकं लिहिली, बसवली. पात्रं बोलता बोलता थांबतात, बराच वेळ कोणी काही बोलत नाही. नाटक मंडळातले लोक पन्नास वर्षं हसून राहिले. आम्हाला वाटतं, बापू तो शब्द कौतुकाचाच समजतात. आम्ही कोणी सांगितलंच नाही.

“हे छापू नको,” मी म्हटलं.

“दीदी, सव्वीस जणांनी हाच अर्थ सांगितला. विष्णुपंतजी दुसरा सांगतील तर तोही लिहीन. पुढच्या रविवारपर्यंत वेळ आहे.”

४ फेब्रुवारी

बापूंना सांगावंच लागलं. म्हणाले, “छापू दे.” बस्स, एवढंच!

५ फेब्रुवारी

योगेंद्रदादाचा नागपूरहून फोन. “काहून चूप आहेत बापू? मी त्या पोरीच्या प्रिन्सिपलशीच बोलतो!” तिच्या नोकरीवर येईल, नको म्हटलं. भांडणच झालं.

७ फेब्रुवारी

सकाळी बापू फिरायला गेल्यावर नाटकांच्या वह्या काढल्या. नऊच्या नऊ चाळल्या. थांबे सगळीकडे नाहीत! पुरुषांच्या वाक्यांना एकही नाही. फक्त नायिकेच्या वाक्याआधी. अन् नऊही नाटकांत नायिकेचं काम केलेलं — आईनं.

तेवढ्यात बापू दारात.

“आईच्याच वाक्यांना काहून?”

“वह्या जागेवर ठेव.”

“लोक हसतात तुमच्यावर, बापू!”

“हसू दे. अन् तुझ्या आईला यातलं काही विचारायचं नाही. शपथ आहे माझी.”

इतके घाबरलेले बापू मी कधी पाहिले नव्हते. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला होता. ऐकलं असेल का?

८ फेब्रुवारी

आई जेवली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

अवंतिका आली. बापू म्हणाले, “जो अर्थ मिळाला तोच लिही, बेटा.”

आई आतून आली. “मी सांगते.”

“अगं, आत जा तू —”

“नाही. आजवर ऐकलं तुमचं.” अवंतिकाकडे वळली. “मला लिहिता-वाचता येत नाही, पोरी. बाकीचे वाचून पाठ करत. मला हे घरी वाचून दाखवत, पण स्टेजवर विसरायची. मग विंगेतून पुंडलिकभाऊ हळूच वाक्य सांगत. तेवढा वेळ मला मिळावा म्हणून यांनी तिथं थांबा लिहिला. कोणाला कळू नये, म्हणून नंतर सगळं हसणं अंगावर घेतलं.”

चौपन्न वर्षांची मी. मला कळलं नाही!

बापू डोळे मिटून बसलेले. अवंतिकानं पेन खाली ठेवलं.

आई म्हणाली, “ठेवू नको. लिही.”