शेजारी दिलेले लाडू

१६ एप्रिल

आजपासून दूध बंद. दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा — सगळंच. बोधीच्या लंगोटात पुन्हा रक्ताचा धागा दिसला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "गाई-म्हशीचं दूध तिला सोसत नाही. तुम्ही जे खाता ते तुमच्या दुधातून तिच्या पोटात जातं. महिनाभर दुधाचा थेंब नको." चार महिन्यांची पोर. तिने कोणाचं काय घोडं मारलंय!

प्रशील म्हणाला, "डब्याची पावडर देतात ना अशा बाळांना?" नाही. अंगावरच पाजणार. ठरलं म्हणजे ठरलं. मटण-अंडं मी आधीही खात नव्हते, आता दूधही गेलं. तो म्हणतो, तू पक्की वीगन झालीस. मला हसू आलं नाही.

१७ एप्रिल

कोरा चहा. शी!

माहेरी आई रविवारी लोणी कढवायची. बेरीत साखर घालून आम्ही भावंडं भांडं चाटायचो. आज दिवसभर तोच वास नाकात.

१९ एप्रिल

सासूबाईंना नीट बसवून सांगितलं. त्या बोधी झाली तेव्हापासून इथे जळगावलाच आहेत, धुळ्याजवळचं घर कुलूपबंद ठेवून. म्हटलं, "आई, माझ्या खाण्यात दुधाचं काही येऊ द्यायचं नाही. अजिबात."

"बरं माय, नही टाकस. मनी नात शे ना ती."

संध्याकाळी फुनके केले. तुरीची डाळ भिजवून, भरड वाटून, उकडून. पण फुनक्यांबरोबर कढी लागतेच, आणि कढी कशाची करू? शेंगदाणे भिजवून वाटले, फडक्यातून दूध गाळलं, आंबटाला उकडलेली कैरी. फोडणी बसली तेव्हा वास अगदी कढीचा. चव? मध्येच कढी, मध्येच चटणी. आईंनी दोनदा वाढून घेतली. "चांगली शे," म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांच्या भुवया वर जातात. आज गेल्या नाहीत.

२३ एप्रिल

पुन्हा रक्त. मी आठवडाभर दुधाला शिवलेली नाही, मग कुठून जातंय? कूलरसमोर बसून कालपासूनचं सगळं आठवलं — भाकरी, भरीत, कोरा चहा, टोस्ट, वरण, केळी. यात कुठे दूध?

मी केलेल्या स्वयंपाकात तर नाहीच. पण दुपारचा स्वयंपाक आई करतात.

२४ एप्रिल

आई ओट्याशी असल्या की मी काहीतरी निमित्त काढून जाते. वरणाचा वास घेते. वाटी तिरकी करून तवंग बघते. हे बरं नाही, कळतं मला. तरी जाते.

२६ एप्रिल

डोकं भणभणतंय.

दुपारी फडताळात डबा दिसला. मेथी-डिंकाचे लाडू, नुकते वळलेले. या उन्हात, पंखा बंद करून, बाईने माझ्यासाठी डिंक तळला होता. एक उचलला तर बोटं तेलकट झाली.

"आई, यात काय काय घातलंय?"

"मेथी, डिंक, खोबरं, गूळ. आन तूप."

तूप!

मी काय काय बोलले ते सगळं आठवतंय, सगळं लिहवत नाही. पोरीच्या जिवावर उठलात, इथपर्यंत गेले. त्या घाबरून म्हणाल्या, "पन दूध कोठे शे त्यामा?" मला आणखीच चेव आला. तूप कशाचं असतं एवढंही माहीत नाही का तुम्हाला, म्हटलं. त्या हात पदराला पुसत उभ्या राहिल्या. बोधी रडायला लागली तेव्हा नेहमीसारखं तिला घ्यायला पुढे झाल्या आणि मध्येच थांबल्या.

अख्खा डबा शेजारी सुगराबी भाभींकडे देऊन आले. अन्न टाकवत नाही.

२७ एप्रिल

आई गेल्या. सकाळच्या एसटीने. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "पोरले जप."

प्रशील त्यांना स्टँडवर सोडून आला. "तिने मुद्दाम केलं नसेल," एवढं बोलला आणि अंघोळीला गेला. मुद्दाम केलं असं मी कुठे म्हटलं? म्हटलं होतं बहुतेक.

३० एप्रिल

स्वयंपाक, धुणं, पोर — तिन्ही एकटीने. कुकरची शिट्टी झाली की बोधी दचकते. तिला खांद्यावर टाकून एका हाताने भाकरी थापता येत नाही, आज करून बघितलं. अर्धी भाकरी परातीतच फाटली. प्रशीलच्या कारखान्यातल्या रावेरच्या माणसाने कच्च्या केळ्यांची फणी दिली होती, त्यांची भाजी टाकली. जिरं, हिंग, शेंगदाण्याचा कूट. तीही करपली. तशीच खाल्ली, उभ्या उभ्या.

चार वाजता कोरा चहा आणि टोस्ट. तेवढंच काय ते सुख.

आणि आज पुन्हा रक्त. घरात तूप नाही. आई नाहीत. सगळं माझ्या हातचं. आता कोणाला धरू?

२ मे

टोस्ट.

पुडा संपला म्हणून प्रशीलला नाव वाचून दाखवत होते, तर मागे बारीक अक्षरात — दुधाची भुकटी. रोज खात होते. कोरा चहा घशाखाली उतरावा म्हणून! दूध-दही-तूप सगळं मनात घोकलं होतं, टोस्ट त्यात धरलाच नव्हता. टोस्ट म्हणजे आमच्यासाठी टोस्ट.

मीच. मीच पाजत होते तिला.

पण तूपही होतंच ना. लाडू नसेल खाल्ला मी, पण त्याआधी वरणात, भाजीत पडत असेलच की. असेलच.

९ मे

लंगोट स्वच्छ. परवाही, कालही. बोधी आज हसताना उचकी लागेपर्यंत हसली.

प्रशील म्हणाला, "आईला फोन कर." करते म्हटलं. केला नाही. फोन हातात घेऊन पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून पुढे. टोस्ट माझा, कबूल. पण तूप त्यांचं. मग माफी मीच का मागू? आणि मागायची नाही तर घास का उतरत नाही?

११ मे

उद्या पौर्णिमा. दरवर्षी विहारात खीर असते. मागच्या वर्षी मोठ्या पातेल्यापाशी आई उभ्या होत्या, कोणाच्या हातात उलथनं देत नव्हत्या. मी आज घरी नारळाच्या दुधात करून बघितली. तांदूळ भाजून, भरडून, गूळ घालून. दूध फाटेल म्हणून गूळ सगळ्यात शेवटी. बरी झाली. चाखून बघायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी सुगराबी भाभी डबा परत घेऊन आल्या, त्यात कैऱ्या भरून. "लाडू एकदम मस्त होते. पण वृषाली, डालड्यात कशाला केले? लेकुरवाळीला असली घी पाहिजे ना."

डालडा कुठला, तूप होतं, मी म्हटलं.

भाभी हसल्या. "मला शिकवते का? टाळूला चिकटला की समजतं."

पण आई तर स्वतःच्या तोंडाने तूप म्हणाल्या होत्या.

१२ मे

सकाळीच फोन केला. "आई, लाडवात डालडा होता का?"

"हां. तेच तं सांगं तुले, तूप. आमनाकडे त्यालेच तूप म्हनतस. दुकानदारले दोनदा इचारं, यामा दूध नही ना? मंगच लिधं. गायनं तूप आमना घरमा कोठे माय. मना बायंतपनमाबी हाईच व्हतं." मग लगेच, "बोधी कशी शे?"

बरी आहे, एवढं कसंबसं म्हटलं.

खीर डब्यात भरली आहे. पोरीला घेऊन धुळ्याला निघते. तिथे जाऊन काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.