मागच्या खोलीतला मुकादम

४ मार्च

साहेबांचं नवीन कॉम्प्युटरचं पत्र वरून परत आलं. नाही म्हणजे नाही. वीस टेबलं, वीस म्हातारी मशीनं, रोज एखादं रडतंच. दाखला घ्यायला आलेली माणसं बाकावर डुलक्या काढतात आणि शिव्या मला देतात, कारण दाराशी झाडू घेऊन मी बसलेली.

आता आमचे जावई पुढे झालेत. मशीन दुरुस्तीवाले, चार वर्षं इथेच रोजंदारीवर. मीच चिकटवलं होतं. म्हणे, हीच मशीनं नव्यासारखी पळवून दाखवतो. जमलं तर साहेब त्यांना कायम करणार. कागदावर नाही, तोंडी. साहेबांचं तोंड मी बावीस वर्षं बघतेय.

७ मार्च

जावयांनी आज एकेका मशीनचं पोट उघडून आतली डबी काढली. त्यातलं आधीच सगळं मोठ्या मशीनमध्ये उतरवून घेतलं होतं. मी विचारलं, आता यांच्यात उरलं काय?

"काही नाही, आई. ही आता काही साठवणार नाहीत, विचार करणार नाहीत. मागच्या खोलीतलं मोठं मशीन सगळ्यांचं काम करणार. ही फक्त तोंड दाखवणार."

म्हटलं, म्हणजे अगदी साहेबांसारखं.

हसले नाहीत. इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं का म्हणून. माणूस भला आहे, तेच नडतं.

मोठ्याचं नाव मी मुकादम ठेवलं. एकटा राबतो आणि वीस जण बसून मिरवतात, म्हणजे खरं तर उलटच झालं. असू दे. नाव ठेवलं ते ठेवलं.

११ मार्च

भिंतींना भोकं. निळ्या वायरी. चुन्याचा धुरळा माझ्या नाकात, भांड्यात, डब्यातल्या भातात. जावई शिडीवरून म्हणतात, "सॉरी हं, आई." शिडीवरच्या जावयाला काय बोलणार!

लेकीचा फोन. सातवा महिना. "आई, होईल ना गं यांचं कायम?" म्हटलं, तू पाय वर घेऊन बस.

१४ मार्च

सुरू झालं. खरंच पळतात, मेली.

टायपिंगवाली बाई उन्हाला कंटाळून टेबल सोडून दुसरीकडे बसली, नाव घातलं, तर तिचा अर्धा दाखला तिथे हजर. जिथे थांबली होती त्याच ओळीवर. भूत बघितल्यासारखी उठली. "अहो, माझं काम इथे कसं आलं?" जावई समजावत बसले, काम टेबलात नसतंच, मागच्या खोलीत असतं. तिला पटलं नाही. पर्स घेऊन जुन्या टेबलावर गेली, तिथेही तोच दाखला. मग गप्प बसली. दहा वर्षांत पहिल्यांदा.

१५ मार्च

दुपारी वीसच्या वीस पडदे एकदम काळे. साहेब खोलीतून ओरडत आले. जावयांनी मुकादम उघडला. आतला पंखा चुन्याने बुजलेला, मशीन तव्यासारखं तापलेलं.

"आई, ही खोली झाडली नव्हतीत?"

म्हटलं, भोकं तुम्ही पाडलीत, मी हॉल उपसत होते. दोन हातच आहेत मला.

ब्रशने साफ केला, तासाभरात चालू. पण पुन्हा असं व्हायला नको. कायम व्हायचंय त्यांना.

१६ मार्च

मागची खोली दोनदा झाडली, ओल्या फडक्याने पुसली. एवढी सेवा मी सासूची केली नव्हती.

२९ एप्रिल

दीड महिना एकही मशीन रडलं नाही. जावई खुर्चीवर बसून असतात. टायपिंगवाली म्हणाली, "तुमच्या जावयांनी सोनं केलं हो." म्हटलं, तुमचं केलं. त्यांचं बघू.

३० एप्रिल

साहेबांनी जावयांना बोलावलं. मी चहा घेऊन आतच होते.

"छान काम झालं. आता काही बिघडतच नाही, तर दुरुस्तीला रोज माणूस कशाला? उद्यापासून नका येऊ. लागलं तर बोलावू."

जावई म्हणाले, "बरोबर आहे, सर."

बरोबर आहे! कप असा ठेवला की अर्धा चहा बशीत. साहेब म्हणाले, "पुसून घ्या."

पुसून घेतलं.

निघताना जावई मला जिन्यात म्हणाले, "आई, मागच्या खोलीत धूळ बसू देऊ नका. पंखा बुजला की सगळंच बसेल." स्वतःची नोकरी गेली आणि काळजी पंख्याची. लेकीला अजून सांगितलेलं नाही, म्हणाले. मी सांगू का, असंही विचारवेना.

हो म्हटलं, लक्ष ठेवते.

५ मे

हॉल झाडला. जिना झाडला. साहेबांची खोली दोनदा पुसली, खूष झाले. केर सगळा मागच्या खोलीत लोटला आणि कुलूप घातलं. किल्ली माझ्याच कमरेला असते.

लागलं तर बोलावू म्हणालेत ना.